पार्ट आला की सांगतो

जानेवारीतल्या एका रविवारी, आनेवाडीचा टोलनाका ओलांडून पाचवडच्या अलीकडे, माझी गाडी पुढच्या टेंपोवर मागून आदळली. टेंपोत आल्याची पोती होती. टेंपोला काही झालं नाही, मलाही नाही. गाडीचं मात्र पार नाकाड फुटलं. पुढचे ३३ दिवस ती साताऱ्यातल्या एका गॅरेजात पडून होती. त्या दिवसांतल्या या नोंदी. शहाणपण म्हणावं असं त्यात फारसं काही नाही.

१. गॅरेजमधलं ‘उद्या’ हे क्रियाविशेषण नसतं. सव्वीस वर्षं शाळेत मराठी व्याकरण शिकवते आहे, पण हे मला कळायला दोन आठवडे लागले. पहिल्या दिवशी ‘आठ दिवसांत देतो’ असं ठरलं. नवव्या दिवसापासून मी रोज फोन करायला लागले आणि रोज ‘उद्या बघू मॅडम’ असं ऐकायला लागले. मी भाबडेपणाने त्यात काळ शोधत होते. मग लक्षात आलं, हे तर केवलप्रयोगी अव्यय. अरेरे, अबब, छे, उद्या. त्यातून बोलणाऱ्याची भावना कळते, बाकी काही नाही. त्यानंतर मला जरा बरं वाटलं. फोन मात्र चालूच ठेवले.

२. गाडी उघडल्याशिवाय तिला काय झालंय ते कळत नाही. बाहेरून पाहून मी बंपर, बोनेट आणि एक हेडलाइट असा हिशेब मांडला होता. उघडल्यावर कंडेन्सर निघाला, रेडिएटर निघाला, पंखा निघाला आणि हे सगळं ज्याच्यावर बसतं तो सपोर्ट वाकलेला निघाला. म्हणजे विम्याच्या सर्व्हेअरने पुन्हा यायचं, पुन्हा फोटो, पुन्हा इस्टिमेट, आणि ते मंजूर होईपर्यंत कोणी पाना उचलायचा नाही. जाळीत अडकलेला आल्याचा एक तुकडाही निघाला. डेंटिंगवाल्या मामांनी तो पुसून माझ्या हातावर ठेवला. “घ्या मॅडम, चहाला.” मी तो खरंच घरी नेला. का, ते सांगता येणार नाही. मग बाकी सगळे पार्ट आले आणि एकटा सपोर्ट येईना. गाडीतला हा असा अवयव आहे, ज्याचं नावसुद्धा अपघाताआधी मी ऐकलेलं नव्हतं.

३. विम्याच्या लेखी काच कधी म्हातारी होत नाही. घसाऱ्याचा तक्ता मी आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचला, आणि एखादं अवघड पद्य वाचावं तसा दोनदा वाचला. प्लास्टिकचा बंपर म्हणून निम्मे पैसे माझे. बोनेट आणि सपोर्ट लोखंडाचे, गाडीला पाचवं वर्ष लागलेलं, म्हणून ३५ टक्के माझे. काचेला घसारा शून्य. माझी काच अर्थात शाबूत होती. वर सक्तीचे १,००० रुपये कापले जातात ते वेगळेच. ‘झिरो डेप’ घेतलं असतं तर घसाऱ्याचं हे रडगाणं आलंच नसतं. पण नूतनीकरणाच्या वेळी मी दोन-अडीच हजार वाचवले होते आणि त्या हुशारीबद्दल घरात कौतुकही करून घेतलं होतं. चार वर्षं क्लेम न केल्याचा ४५ टक्के बोनस जमला होता, तोही पुढच्या हप्त्याला शून्य. दहावीतून थेट बालवाडीत.

४. ‘अपघात कसा झाला ते थोडक्यात लिहा’ याखाली क्लेमच्या अर्जात फक्त चार ओळी असतात. माझ्या, कागदाची मागची बाजू धरून, अकरा झाल्या. पहाटेचं धुकं, चंदन-वंदनचे डोंगर, अचानक आडवं आलेलं कुत्रं. सर्व्हेअरने शांतपणे वाचलं आणि म्हणाला, “मॅडम, पुढच्याने ब्रेक मारला, तुम्हाला थांबता आलं नाही. बरोबर?” बरोबर होतं. तेवढंच लिहून दिलं. पण धुक्याने आणि कुत्र्याने माझा पिच्छा सोडला नाही. शाळेत सांगताना कुत्रं मोठं झालं, बहिणीला फोनवर सांगेपर्यंत दोन कुत्री झाली. टेंपोवाल्याच्या पुढे एक कुत्रं आलं होतं हे खरं. त्याने त्याला वाचवलं, ब्रेक मारून थांबला, आणि उतरून आधी मलाच विचारलं, “मावशी, लागलं का कुठं?” हा भाग मात्र सांगताना मी बऱ्याचदा गाळत असे.

५. गॅरेजात बाईला दोन प्रश्न विचारतात: “गाडी कोण चालवत होतं?” आणि “साहेब नाही आले?” साहेब एकदा आले. रेडिएटर कसा बसवणार, कूलंट का बदलणार, हे सगळं त्यांना बोनेटपाशी नेऊन दहा मिनिटं समजावण्यात आलं. हे गंभीरपणे मान हलवत होते. आमच्या ह्यांना सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. परतताना रिक्षात म्हणाले, “माणूस चांगला आहे, काय म्हणाला ते तू विचारून घे.” मी आधी भांडायच्या तयारीत होते. मग हसू फुटलं.

६. एसटीने पुन्हा प्रवास केल्यामुळे मला जीवनाचं वगैरे दर्शन घडलं नाही. माझी कंबर दुखली. सातारा ते कोरेगाव, शाळेच्या वेळेला, बहुतेक दिवस उभ्याने. २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढा दिलासा. एकदा ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली आणि मी त्याच्या पायाकडे बघत बसले. पुढचा ट्रॅक्टर केवढा तरी लांब असतानाच त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठायचा. ब्रेकवर तो क्वचितच जायचा. उसाच्या दोन ट्रॉल्या हलत-डुलत चाललेल्या, त्यांना ओलांडायची घाई त्याला नव्हती. मी पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. क्लासवाल्याने क्लच शिकवला, चढावर गाडी उचलायला शिकवलं, आठचा आकडा काढायला शिकवलं. पाय उचलण्याबद्दल त्याने काही सांगितलं असेल, तर ते माझ्या कानावरून गेलं.

७. खरं कारण कुत्रं नव्हतं, वेलांटी होती. हे मी आजवर फक्त ह्यांना सांगितलं आहे. टेंपोच्या मागच्या फाळक्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत ‘आईचा आर्शिवाद’ असं लिहिलेलं होतं. रफार भलत्या अक्षरावर, वेलांटी ऱ्हस्व. मी ते नीट वाचावं म्हणून जवळ गेले की जवळ गेल्यावर वाचलं, हे आता आठवत नाही. मनातल्या मनात रफार उचलून ‘वा’वर ठेवत होते, तेवढ्यात ते पिवळं अक्षर भसकन मोठं झालं. नंतर गणिताच्या सरांकडून मोजून घेतलं (कशासाठी ते न सांगता): ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. एक रफार दुरुस्त करायला मला साधारण तेवढाच वेळ लागतो. आणि मी निघाले कुठे होते, तर वाईला. मराठी विश्वकोश ज्या गावात घडला त्या गावी निघालेली बाई शुद्धलेखनापायी आल्याच्या पोत्यांवर जाऊन आदळली. मुलांच्या वह्या तपासताना हल्ली लाल पेन जरा थबकतं. चूक दिसतेच, पण लगेच तिच्यावर झेप घ्यावी असं वाटत नाही. किती दिवस टिकेल कोण जाणे.

८. उशिराबद्दल आरडाओरडा करणारी बाई आतून उशिराचे आभारही मानत असू शकते. हे मला सव्विसाव्या दिवशी समजलं. फोन आला, “मॅडम, पार्ट आला.” तोवर मी गॅरेजवाल्याला ग्राहक मंचाची धमकी देऊन झाले होते, स्टाफरूममध्ये त्याचा उद्धार करून झाले होते. आणि त्या तीन शब्दांनी पोटात गोळा आला. म्हणजे आता चालवावी लागणार. गाडी गॅरेजात होती तोवर मी एक गैरसोय सोसणारी बाई होते, घाबरलेली नव्हते. त्या दिवशी मी ‘छान, छान’ म्हणाले आणि पुढचे चार दिवस एकदाही फोन केला नाही. शेवटी त्यांनीच केला. “काय मॅडम, तब्येत बरी आहे ना?” माझी वाट बघत होते बिचारे. रंगाला आणखी दोन दिवस लागतील म्हणाले. चार वर्षं उन्हात राहिलेला पांढरा आणि डब्यातला पांढरा जुळत नाहीत, तो जरा पिवळसर करून घ्यावा लागतो. मी म्हटलं, सावकाश करा, घाई नाही. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. असं गिऱ्हाईक त्यांना आजवर भेटलं नसावं.

९. गाडी आणायला हे बरोबर आले. मामांनी बोनेट दोनदा उघडून आपटून दाखवलं, मी पैसे भरले, सही केली, सीट पुढे ओढली. ती कोणीतरी मागे सरकवून ठेवली होती. हात गार पडले होते. ह्यांनी काही विचारलं नाही, फक्त पट्टा लावून घेतला, एरवी तीनदा सांगावं लागतं. पोवई नाक्याच्या अलीकडे पुढे एक टेंपो आला, रिकामा, फाळका धडधडत. मी पाय उचलला. मागून हॉर्न वाजला, मग एक मोटारसायकल घुसली, मग दुसरी. मी पाय उचललेलाच ठेवला.

“काय गं लिहिलंय त्याच्यावर?” ह्यांनी डोळे बारीक करत विचारलं.

“इथून दिसत नाहीये,” मी म्हणाले.