फॉलिक ॲसिड : दिवस जाण्याआधीची गोळी

दिवस गेल्याचे कळले की आपण दवाखान्यात नाव नोंदवतो आणि मग गोळ्या सुरू होतात. पण एक गोळी त्याच्याही आधीपासून घ्यायला हवी. ती फॉलिक ॲसिडची.

हे आहे तरी काय?
हे 'ब' गटातील ब-९ जीवनसत्त्व. शास्त्रीय नाव टेरॉइलग्लुटामिक ॲसिड. लॅटिन भाषेत 'फोलियम' म्हणजे पान. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते मिळवले, म्हणून हे नाव पडले. त्याचा शोध मात्र आपल्या मुंबईत सुरू झाला. १९२८ साली डॉ. लूसी विल्स इंग्लंडहून येथे आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी दाखवून दिले. अर्कातील तो गुणकारी घटक म्हणजेच हे जीवनसत्त्व.

आधीपासून का?
बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतो, ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचे नीट ध्यानातही आलेले नसते! फॉलिक ॲसिड कमी पडले, तर नळी उघडी राहून बाळात व्यंग येण्याचा धोका वाढतो. नंतर गोळी घेऊन ती मिटत नाही.

किती व केव्हा?
● गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम.
● चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक ॲसिडची एकत्र गोळी, रोज एक, किमान १८० दिवस. बाळंतपणानंतरही १८० दिवस.
● आधीच्या बाळाला असे व्यंग असेल, किंवा फेफऱ्याचे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. मात्रा ते ठरवतील.

जेवणात काय?
पालेभाज्या, हरभरा, मूग, चवळी, शेंगदाणे, संत्री. भाजी फार वेळ शिजवू नका, शिजवलेले पाणी फेकू नका; जीवनसत्त्व त्यातच जाते. मात्र नुसत्या आहारावर विसंबू नका, गोळी हवीच.

मूल केव्हा हवे हे दोघांनी मिळून आधी ठरवले, तरच ही गोळी वेळेवर पोटात जाते. तोवर तांबी, निरोध किंवा गर्भनिरोधक गोळ्या वापरा. आणि तांबी काढायचे ठरले, की त्याच्या महिनाभर आधी आशाताईंना किंवा परिचारिकेला भेटून फॉलिक ॲसिड सुरू करा.