दमामचा कामगार आणि जिनिव्हाची सभा

मुलांनो, जेद्दा, रियाध, दमाम ही नावे कोकणातील मुलांना नवी नाहीत. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कितीतरी घरांतून कुणाचे वडील, कुणाचे काका, कुणाचा मामा सौदी अरेबियात कामाला गेलेला असतो. कुणी गाडी चालवतो, कुणी वायरिंग करतो, कुणी बांधकामावर असतो. तेथील ऊन फार कडक. म्हणून १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ उघड्या उन्हात काम करून घेऊ नये, असा तेथील सरकारचा नियम आहे.

पण मालकाने पगारच दिला नाही तर? पासपोर्ट काढून घेतला तर? परदेशातून आलेला कामगार तेथील नागरिक नसतो. तेथे युनियन काढायलाही परवानगी नाही. मग त्याच्या वतीने प्रश्न विचारायचा कुणी?

असे प्रश्न विचारण्याची एक जागा आहे. तिचे नाव आंतरराष्ट्रीय मजूर संघटना. ती १९१९ साली स्थापन झाली. तिची मुख्य कचेरी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात आहे. १८७ देश तिचे सभासद आहेत. दरवर्षी परिषद भरते. तिला प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी जातात : दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा. गंमत अशी, की कामगारांचा प्रतिनिधी आपल्याच सरकारच्या विरुद्ध मत देऊ शकतो!

भारत पहिल्यापासून सभासद आहे. १९१९ साली पहिली परिषद अमेरिकेत वॉशिंग्टन येथे भरली. भारतातील कामगारांच्या वतीने तेथे गेले नारायण मल्हार जोशी. ते मूळचे रायगड जिल्ह्यातील गोरेगावचे. त्या काळी कापडगिरण्यांत पुरुषांना दिवसाला १२ तास राबावे लागे. नऊ वर्षांची मुलेही गिरणीत जात. परिषदेत आठ तासांचा दिवस ठरला. भारतापुरती मात्र आठवड्याला ६० तासांची मुभा ठेवली गेली. ही मुभा मालकांच्या सोयीची होती, हे उघड आहे. तरी १९२२ साली आपल्याकडे कायदा बदलला. आठवड्याचे तास ६० वर आले आणि १२ वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला ठेवण्यास बंदी झाली. म्हणजे तुमच्याएवढी मुले त्यातून सुटली.

सभासद व्हायचे तर वर्गणी भरावी लागते. ज्याची ऐपत मोठी, त्याची वर्गणी मोठी. अमेरिका एकटी जवळजवळ चौथा हिस्सा भरत असे. १९७७ साली ती रागावून बाहेर पडली. संघटनेला खर्चात काटकसर करावी लागली. अमेरिकेचे पैसे वाचले, पण सभेतला आवाजही गेला. १९८० साली ती परत आली.

पैशापेक्षा जड असते ते उत्तर देणे. सौदी अरेबिया १९७६ साली सभासद झाला. सक्तीची मजुरी करून घेणार नाही, हा करार त्याने १९७८ साली मान्य केला. करार मान्य केला, की अहवाल पाठवावा लागतो. जिनिव्हातील तज्ज्ञ तो वाचतात आणि विचारतात : कामगाराचा पासपोर्ट कुणाकडे असतो? त्याला मालक बदलता येतो का? चारचौघांत असे प्रश्न कुणाला आवडतील?

मार्च २०२१ पासून तेथील पुष्कळ परदेशी कामगारांना काही अटींवर मालक बदलता येऊ लागला. हे केवळ जिनिव्हातील प्रश्नांमुळे झाले, असे म्हणता येणार नाही. शिवाय घरकाम करणारे, घरचे ड्रायव्हर आणि माळी यांना तेव्हा त्यातून वगळले होते. संघटनेजवळ पोलीस नाहीत, तुरुंग नाही. ती विचारू शकते, पुन्हा विचारू शकते.

आपल्यालाही ती विचारते. मुलांना कोणत्या वयाआधी कामाला लावू नये, याचा करार १९७३ साली तयार झाला. सौदी अरेबियाने तो २०१४ साली मान्य केला. भारताने २०१७ साली.

स्वाध्याय

१. परिषदेला प्रत्येक देशाचे कोणकोणते प्रतिनिधी जातात?
२. अमेरिका बाहेर पडली, तेव्हा तिने काय वाचवले व काय गमावले?
३. तुमच्या गावातील कुणी परदेशी कामाला गेले असेल, तर त्यांच्या कामाची माहिती घरच्यांना विचारून लिहा.