घोळ : तण की शेजारी?

निरीक्षणाचा दिवस जवळ आला की श्रमदानाच्या तासाला सर्वांत आधी उपटली जाते ती घोळ. जीवशास्त्राचा शिक्षक म्हणून मला तिची बाजू मांडायची आहे.

ओळख : जमिनीलगत पसरणारी, लालसर गुळगुळीत खोडाची, जाड रसाळ पानांची ही एकवर्षायू वनस्पती. शास्त्रीय नाव पोर्तुलाका ओलेरेसिया. हिंदी भाषक कॅडेट तिला कुल्फा म्हणतील, तमिळ भाषक परुप्पु कीरै. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला, तर ती घोळ नव्हे. ते झाड तोंडात घालू नये.

पाण्याची काटकसर : बहुतेक वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी पाणी गमावतात. पाणी तुटले की घोळ हे काम रात्री करू लागते. रात्री घेतलेला वायू ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते व दिवसा वापरते. म्हणूनच कोरड्या जागेतले पान पहाटे जास्त आंबट लागते, संध्याकाळी कमी.

पाहुणे : तिची छोटी पिवळी फुले उन्हात, तीही काही तासच उमलतात. कीटक आले नाहीत तरी बी धरते. पण परागासाठी लहान मधमाश्या येतात. छोटा चांदवा हे फुलपाखरू तर घोळीवर अंडी घालते आणि त्याच्या अळ्या तिचीच पाने खातात. या फुलपाखराची मादी प्लेन टायगरसारखी दिसते. रुईच्या कुळातली झाडे खाऊन बेचव झालेल्या प्लेन टायगरला पक्षी टाळतात, आणि त्या ‘गणवेशा’मुळे हिलाही!

लागवड : थंडी सरल्यावर, भरपूर ऊन असलेली व पाणी न साचणारी जागा निवडा. बी अगदी बारीक असते, म्हणून वाळूत मिसळून पेरा. त्याला रुजायला उजेड लागतो. वर माती लोटू नका, नुसते दाबा. रुजेपर्यंत ओलावा ठेवा, पुढे माती सुकल्यावरच पाणी द्या. खोडाचे तुकडेही सहज मुळे धरतात. कीटकनाशक मुळीच नको.

याच कारणाने उपटलेली घोळ मातीवर टाकून ठेवू नये. ती पुन्हा रुजते. वाफ्याला विटांची कड करा आणि बाहेर आलेली रोपे काढा.

माझी सूचना एवढीच : प्रत्येक हाऊसने एक मीटर रुंदीचा पट्टा राखावा. सकाळी ऊन चढल्यावर दहा मिनिटे बसून आलेले कीटक वहीत मोजावेत. पुढच्या निरीक्षणाला ती वही दाखवू. आखलेल्या कडेतली घोळ अस्वच्छता ठरत नाही.