शाळा सोडायची की धरायची?

मुलगी पाचवी झाली आणि आम्ही तिला शाळेतून काढलं. आता ती तेरा वर्षांची आहे. "आम्हीही विचार करतोय," असं म्हणत फोन करणाऱ्या आईवडिलांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

१. आधी माणूस ठरवा, तत्त्वज्ञान मागाहून.

असा विचार करणाऱ्या घरात पुस्तकं भरपूर असतात. गिजुभाई, जॉन होल्ट, 'तोत्तोचान'. अडतं ते दुसरीकडे. सकाळी नऊ ते एक घरात मोठं माणूस कोण असणार? बहुतेक घरांत 'आई' हे उत्तर कुणी न विचारताच ठरून जातं. आमच्याकडे मी कॉलेजातले तास निम्मे केले आणि नवऱ्याने दुकान दुपारी उघडायला सुरुवात केली. मिळकतीला कात्री लागणार होती, म्हणून घराच्या हप्त्याचा हिशेब आधी कागदावर मांडला, मगच शाळेत अर्ज दिला.

गांधीजींचं उदाहरण मी मुद्दाम देते. दक्षिण आफ्रिकेत मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घालणं शक्य असूनही त्यांनी घातलं नाही, घरीच शिकवायचं ठरवलं. पण द्यायला हवा होता तेवढा वेळ आपण देऊ शकलो नाही, हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. थोरल्या हरिलालच्या मनातली अढी शेवटपर्यंत गेली नाही. जे त्यांना जमलं नाही, ते आपल्याला 'बघू, होईल' म्हणून जमणार आहे का?

२. भांडण एका बाईंशी असेल तर तुकडी बदला, फार तर शाळा बदला. तेवढ्यासाठी घरची शाळा काढू नये.

३. कायदा वाचा, पण त्याला घाबरू नका.

२००९चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना लागू आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं त्यात म्हटलंय. न घातल्यास पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. घरी शिकवण्याबद्दल कायदा बोलतच नाही. त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला आलेल्या शिक्षिका आमच्या दारात गोंधळल्या. त्यांच्या तक्त्यात वीटभट्टी होती, ऊसतोड होती; आमच्यासाठी रकानाच नव्हता. मी चहा ठेवला, लेकीने वह्या दाखवल्या. जाताना त्या म्हणाल्या, "ताई, मी काय लिहू ते तुम्हीच सांगा."

४. दाखला जपून ठेवा.

शाळेतून काढताना एलसी घ्या आणि लग्नपत्रिकांच्या ढिगात टाकू नका. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म भरतात, त्याला हा दाखला लागतो. दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. संस्था १९८९पासूनची, सरकारी. तिथे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा आहेत आणि चौदा पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं. 'आमचं पोर परीक्षांच्या पलीकडचं आहे' असं म्हणणाऱ्यांना मी मुंबईच्या मालविका जोशीची गोष्ट सांगते. शाळेबाहेर शिकून तिने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली, २०१६मध्ये एमआयटीने तिला घेतलं. आयआयटीचं दार मात्र बंद राहिलं, कारण बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. अशी मुलगी लाखात एक. बाकीच्यांनी फॉर्म भरावा.

५. घरात फळा टांगू नका.

शाळा सुटल्यावर पहिले काही महिने मूल काहीच करत नाही. लोळतं, चित्रं काढतं, मांजरामागे फिरतं. ते बघवत नाही, पण बघावं. आमच्याकडे अपूर्णांक गिरणीत सुरू झाले. दळण न्यायचं काम तिचं होतं. पावणेतीन किलो ज्वारी, किलोमागचा दर पाटीवर. काका तोंडी आकडा सांगायचे आणि ही तिथेच पिठाच्या धुरळ्यात उभी राहून बोटांवर पडताळायची. एकदा दोन रुपये जास्त लावलेत म्हणून तिने काकांना थांबवलं. मागे रांग लागली होती. काकांनी पुन्हा हिशेब केला, दोन रुपये परत दिले आणि तेव्हापासून "मास्तरीणबाई आल्या" म्हणू लागले. व्याकरण असं गिरणीत सापडत नाही, हेही सांगते. त्यासाठी बालभारतीचं पुस्तक घेऊन बसावंच लागलं, रडारड झाली.

६. मुलं कुठून आणणार?

सगळ्यात अवघड हेच. सकाळी सातला रिक्षा-व्हॅन गेल्या की कॉलनी ओस पडते. दुपारी मुलं येतात ती जेवून क्लासला पळतात. मैदानावरचा खो-खो नसता तर आमचा निर्णय वर्षभरही टिकला नसता. ज्यांच्या घराजवळ असं रोजचं मैदान, तालीम किंवा वाचनालय नाही आणि मूल एकुलतं आहे, त्यांना मी सरळ 'नको' सांगते. आईबाप कितीही हौशी असले तरी ते खेळगडी नव्हेत.

७. नातेवाइकांना उत्तरं देत बसू नका. लग्नात भेटलेला प्रत्येक काका तेराचा पाढा विचारतो. पोरीला पाढा येत असला की झालं.

८. निर्णय दर उन्हाळ्यात नव्याने घ्या, आणि मुलाला विचारून घ्या.

परतीची वाट असते. कायद्यातच वयानुरूप प्रवेशाची तरतूद आहे. तेरा वर्षांच्या मुलीला पाचवीच्या बाकावर बसवत नाहीत. यंदा लेकीने स्वतःच विषय काढला. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांत खेळायचं तर शाळेच्या पटावर नाव लागतं, हे तिला मैदानावर कळलं. तिच्या जोडीच्या तिघी शाळेच्या संघात आहेत. मला वाटतं दहावीपर्यंत घरीच राहावं, नवऱ्याला वाटतं जाऊ द्यावं. तिने दोन शाळांची मैदानं पाहून घेतलीत. वर्ग अजून बघितलेले नाहीत.