निवेदकाच्या बोटाखालचा नकाशा

निवडणुकीच्या निकालाचा दिवस आठवा. घरातली सगळी मंडळी टी.व्ही.समोर बसलेली असतात. निवेदक एका भल्यामोठ्या पडद्याशेजारी उभा असतो. नकाशातल्या एका जिल्ह्यावर तो बोट टेकवतो आणि तो जिल्हा एकदम पुढे येतो. दोन बोटे एकमेकांपासून दूर नेली की नकाशा फुगतो, जवळ आणली की आक्रसतो. बोट गोल फिरवले की त्यामागे पिवळी रेघ उमटते.

“हे तर घरच्या मोबाइलवरही होते, त्यात विशेष ते काय?” असे तुम्ही म्हणाल. विशेष हे, की मोबाइलचा पडदा फक्त तुमच्या डोळ्यांसाठी असतो. स्टुडिओतला पडदा मात्र आधी कॅमेरा पाहतो आणि मग तुम्ही. जो पडदा डोळ्याला छान दिसतो तो कॅमेऱ्याला छान दिसेलच असे नाही. म्हणून स्टुडिओतल्या पडद्याला तिघांशी जमवून घ्यावे लागते: घड्याळाशी, उजेडाशी आणि आकड्यांशी. ते कसे, हे आज आपण पाहू या.

पुठ्ठ्यापासून पडद्यापर्यंत

पूर्वी टी.व्ही.वर आकडे दाखवायचे तर ते पुठ्ठ्यावर रंगवून कॅमेऱ्यासमोर धरत. ब्रिटनमध्ये १९५९ सालच्या निवडणुकीच्या वेळी बीबीसीने ‘स्विंगोमीटर’ नावाचे साधन देशभरच्या प्रेक्षकांना दाखवले. एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे किती मते झुकली, ते त्याचा काटा डावी-उजवीकडे सरकवून दाखवता येत असे. त्यात संगणक नव्हता, पण काटा हातानेच हलत असल्यामुळे तेसुद्धा निवेदकाच्या बोटाखालचे चित्रच होते.

साधारण त्याच सुमारास, १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेत शिकागो येथे लिओनार्ड रायफेल हे पदार्थवैज्ञानिक टी.व्ही.वर विज्ञानाचे कार्यक्रम करीत. चालू चित्रावरच रेघा काढून समजावून सांगता यावे म्हणून त्यांनी एक यंत्र तयार केले. त्याचे नाव टेलिस्ट्रेटर. विज्ञान शिकवण्यासाठी जन्मलेले हे यंत्र गाजले मात्र खेळामुळे. १९८२ साली अमेरिकन फुटबॉलच्या ‘सुपर बोल’ सामन्यात जॉन मॅडन या समालोचकाने त्याच्या साहाय्याने खेळाडूंच्या हालचाली रेघांनी दाखवल्या आणि ते घरोघरी माहीत झाले.

चित्रावर रेघ उमटते कशी? रांगोळीचा छापा आठवा. छाप्याला जिथे भोके असतात तिथेच रांगोळी पडते, बाकी जमीन तशीच राहते. टी.व्ही.मध्ये रेघेच्या चित्राबरोबर असाच एक काळा-पांढरा ‘छापा’ पाठवतात. छापा जिथे पांढरा तिथे रेघ दिसते, जिथे काळा तिथे कॅमेऱ्याचे मूळ चित्र. छापा करडा असेल तर दोन्हींचे मिश्रण होते आणि रेघ पारदर्शक वाटते. हे काम व्हिजन मिक्सर नावाचे यंत्र चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी करते.

पाण्याच्या पेल्यातली युक्ती

आता बोटाकडे वळू. पडद्याला बोट लागले हे कळते कसे? याच्या अनेक रीती आहेत. त्यातली एक तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर आधारलेली आहे.

प्रकाश काचेतून हवेत जाताना वळतो, हे तुम्ही शिकला आहात. पण तो फार तिरपा आला तर बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा आत परततो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. ज्या कोनापासून हे सुरू होते तो क्रांतिक कोन. ॲक्रिलिक या पारदर्शक प्लॅस्टिकचा वक्रीभवनांक (अपवर्तनांक) सुमारे १.४९ असल्यामुळे त्याचा हवेच्या संदर्भात क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश येतो.

न्यूयॉर्क विद्यापीठात काम करणाऱ्या जेफ हान यांच्या मनात पाण्याने भरलेला पेला हातात धरताना एक विचार आला. पेल्याला बोट जिथे टेकते तिथेच प्रकाश वेगळा वागतो; मग याचा उपयोग का करू नये? त्यांनी ॲक्रिलिकच्या तावाच्या कडांमधून अवरक्त किरण आत सोडले. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. तावाच्या दोन पृष्ठभागांवर आपटत, पूर्ण परावर्तित होत ते आतच अडकून राहतात. पण बोट टेकले की तेवढ्या जागी हवेऐवजी त्वचा येते. त्वचेचा वक्रीभवनांक हवेपेक्षा बराच जास्त असल्यामुळे तिथे परावर्तन मोडते. प्रकाश निसटतो, बोटावरून विखुरतो आणि त्यातला काही मागच्या बाजूने बाहेर येतो. मागे अवरक्त किरण टिपणारा कॅमेरा असतो. त्याला काळ्या पार्श्वभूमीवर एक तेजस्वी ठिपका दिसतो. दहा बोटे टेकवा, दहा ठिपके दिसतील!

हान यांनी ही रीत २००५ साली प्रसिद्ध केली. पुढे त्यांच्या कंपनीने बनवलेला पडदा २००८ सालच्या अमेरिकी निवडणुकीत सीएनएन वाहिनीने वापरला. जॉन किंग हे निवेदक त्यावर एकेक राज्य बोटाने उघडून दाखवीत. तेव्हापासून असे पडदे देशोदेशींच्या स्टुडिओंत आले. आज चौकटीतून सोडलेले अवरक्त झोत बोटाने अडवले जाणे किंवा बोटामुळे विद्युतधारिता बदलणे या रीतीही वापरात आहेत.

ठिपके सापडल्यावर पुढचे काम भूमितीचे. समजा, निवेदकाची दोन बोटे आडव्या दिशेत ३ सेंमी व उभ्या दिशेत ४ सेंमी दूर आहेत. पायथागोरसच्या सिद्धांताने त्यांतील अंतर ५ सेंमी. त्याने बोटे फाकली आणि ही अंतरे ९ व १२ सेंमी झाली. आता अंतर १५ सेंमी. १५ भागिले ५ म्हणजे ३. संगणक नकाशा तिप्पट करतो. झाले!

हलगी एकच हवी

असा पडदा विकत आणून स्टुडिओत उभा केला की काम संपले का? नाही. खरी कसोटी इथून पुढे आहे.

आपल्याकडे टी.व्ही.चे चित्र सेकंदाला २५ पूर्ण चौकटींचे असते. प्रचलित पद्धतीत प्रत्येक चौकट दोन हप्त्यांत पाठवतात, म्हणजे सेकंदाला ५० झडपा. संगणकाचा पडदा मात्र बहुधा सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या ५ झडपांत पडद्याची ६ चित्रे होतात. मेळ बसत नाही. जुन्या काचनळीच्या पडद्यांवर यामुळे काळसर पट्टे सरकताना दिसत. आजच्या एलईडी भिंतींवरही असे पट्टे येऊ शकतात.

लेझीम खेळणारे पथक आठवा. शंभर मुले एका तालात कशी पावले टाकतात? कारण सगळ्यांचे कान एकाच हलगीकडे असतात. स्टुडिओतही अशी एक हलगी असते. एक यंत्र अत्यंत नियमित विद्युत स्पंद देत राहते आणि सगळे कॅमेरे, व्हिजन मिक्सर, चित्रे काढणारे संगणक व पडदे त्या स्पंदांवर आपापली चौकट सुरू करतात. याला जेनलॉक म्हणतात. पडदा ६० ऐवजी ५० वर आणून या तालाला बांधला की पट्ट्यांची खोड मोडते.

दुसरी अडचण उशिराची. बोट ओळखणे, नकाशा काढणे, तो पडद्यावर आणणे यांत प्रत्येकी एक चौकट गेली असे धरा. एक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद, तीन म्हणजे १२०. निवेदकाने सेकंदाला १ मीटर वेगाने रेघ ओढली तर रेघेचे टोक त्याच्या बोटामागे १२ सेंटिमीटर राहील! म्हणून प्रत्येक टप्प्यावर मिलिसेकंद वाचवावे लागतात. चित्राला टाळता न येणारा जेवढा उशीर होतो तेवढाच आवाजालाही मुद्दाम करावा लागतो, नाहीतर ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

तिसरी गोष्ट उजेडाची. आपला मेंदू हुशार आहे. पिवळ्या दिव्याखाली पांढरा कागद पाहिला तरी तो त्याला पांढराच समजतो. कॅमेऱ्याला ही समज नसते. तारेच्या जुन्या स्टुडिओ-दिव्यांचे रंगतापमान सुमारे ३२०० केल्व्हिन, तर पडद्याचे सुमारे ६५०० केल्व्हिन. निवेदकाचा चेहरा ठीक दिसावा असा कॅमेरा जुळवला तर मागचा पडदा निळसर दिसतो. म्हणून पडद्याचा रंग दिव्यांशी जुळवतात किंवा दिवेच पडद्याशी जुळणारे घेतात. शिवाय काचेत दिव्यांचे प्रतिबिंब पडू नये म्हणून पडदा किंचित कलता ठेवतात.

उणे मते!

घड्याळ जमले, उजेड जमला. आता सर्वांत महत्त्वाचे: आकडे. पडदा स्वतः काहीच जाणत नाही. त्याला जे आकडे मिळतील तेच तो सुबक रंगांत दाखवतो, चुकीचे असले तरीसुद्धा.

७ नोव्हेंबर २००० च्या रात्री अमेरिकेत काय झाले पाहा. प्रमुख वाहिन्यांनी आधी फ्लोरिडा राज्य अल गोर यांनी जिंकल्याचे सांगितले. काही तासांनी ते मागे घेतले. मध्यरात्रीनंतर तेच राज्य जॉर्ज बुश यांना दिले आणि पहाटे तेही मागे घेतले. या गोंधळाला अनेक कारणे होती. त्यातले एक असे, की व्होलूशिया परगण्यातल्या एका मतदान केंद्राच्या गणनेत गोर यांच्या नावावर उणे १६,०२२ मते लागली होती. उणे मते! मतपेटीत उणे मत कोणी कसे टाकील? पण यंत्राने आकडा पुढे ढकलला आणि तो एकूण बेरजेत मिसळला. शेवटी फ्लोरिडाचा निकाल अवघ्या ५३७ मतांच्या फरकाने लागला, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीचे वजन कळते. त्या रात्रीची एक वस्तू मात्र लोकांच्या ध्यानात राहिली: एनबीसी वाहिनीच्या टिम रसर्ट यांच्या हातातली छोटी पांढरी पाटी. साध्या मार्करने आकडे लिहून, पुसून ते हिशेब समजावीत होते.

म्हणून पडदा बसवताना आकड्यांच्या वाटेवर पहारेकरी बसवावे लागतात. मते शून्यापेक्षा कमी नकोत. नवी बेरीज जुन्या बेरजेपेक्षा कमी नको. एकूण मते मतदारांच्या संख्येहून जास्त नकोत. सरावासाठी घातलेले खोटे आकडे वेगळ्या कप्प्यात हवेत. आणि शंका आली की थांबवण्याचा अधिकार असलेला एक माणूस हवा. रेघ १२ सेंटिमीटर मागे राहिली तर प्रेक्षक हसतील. आकडा चुकला तर ते त्यावर विश्वास ठेवतील, आणि हे जास्त वाईट.

करून पाहा

१. काचेचा गुळगुळीत पेला पाण्याने भरा. वरून, पाण्याच्या पृष्ठभागातून आतल्या बाजूकडे तिरपे पाहा. पेल्याची भिंत आरशासारखी चकाकेल. आता बाहेरून ओले बोट दाबा. जिथे बोट टेकले तिथेच चकाकी मोडून बोटाच्या रेषा दिसतील.

२. टी.व्ही.च्या रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. अनेक मोबाइलांत (विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात) डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश लुकलुकताना दिसतो.

विचार करा

१. दोन बोटांमधील आडवे व उभे अंतर ५ व १२ सेंमी होते, ते १० व २४ सेंमी झाले. नकाशा किती पट होईल?

२. अमेरिकेत कॅमेऱ्याच्या झडपा सेकंदाला ५९.९४ असतात. समोरचा पडदा बरोबर ६० चा असेल तर सरकणारा पट्टा सुमारे किती सेकंदांनी पुन्हा त्याच जागी येईल?

३. एका उमेदवाराची एकूण मते फेरीगणिक अशी आली: ८,२१४, १५,९६०, १५,६९०, २२,४७१. तुम्ही पडद्यामागचे पहारेकरी असता तर कोणता आकडा अडवला असता, आणि चूक कशी झाली असावी?