गावची धर्मशाळा गावानेच घ्यावी का?

प्रश्न : आमच्या गावात वारीच्या वाटेवर जुनी दगडी धर्मशाळा आहे. छप्पर बसलंय. वारस शहरात असतात, ते विकायला तयार आहेत. सहकारी संस्था काढून ती घेता येईल का?

उत्तर : येईल आणि जरूर घ्या. पण वर्गणीची पावती फाडण्याआधी मालकी तपासा. उताऱ्यावर वारसांची नावं दिसली म्हणून थांबू नका, धर्मादाय आयुक्त कार्यालयातही चौकशी करा. वास्तू सार्वजनिक विश्वस्त संस्थेची निघाली, तर १९५० च्या कायद्यानुसार आयुक्तांच्या परवानगीशिवाय तिची विक्री होत नाही.

मालकी निर्वेध असेल, तर १९६० च्या सहकार कायद्याखाली वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० जण संस्था नोंदवू शकतात. भाग कितीही घ्या, मत एकच. वास्तू एखाद्या धनदांडग्याच्या हाती जाऊ नये, यासाठी मला हाच मोठा आधार वाटतो. इंग्लंडमधल्या हेस्केट न्यूमार्केट या खेड्यातल्या लोकांनी २००३ मध्ये गावचं ‘ओल्ड क्राउन’ हे पब असंच सहकारातून वाचवलं.

दुरुस्तीत पहिला पैसा छपरावर घाला. भिंतींना सिमेंट लावू देऊ नका. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो, मग क्षार फुटतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. घाणीत मळलेला चुनाच वापरा. तो मळणारा जाणता गवंडी आतापासूनच शोधा, असे हात फार थोडे उरलेत.

व्यवहार होईपर्यंत वारसांच्या संमतीने निदान ताडपत्री टाकून घ्या. उघड्या भिंतींना पुढचा पावसाळा झेपेलच असं नाही.