सहलीचे अंदाजपत्रक

कुटुंबाच्या सहलीचा खर्च दोन प्रकारचा असतो. मोटारीचे भाडे हा स्थिर खर्च. गाडीत चौघे बसोत की सहाजण, तो तेवढाच. प्रवेशमूल्य व जेवण हा बदलता खर्च. तो माणशी वाढतो. खोपोलीचे इमॅजिका (२०१३) पाहायचे तर तिकिटे, शिवाय मुक्काम. पाळण्यात न बसणाऱ्या आजीचेही पैसे पडतात. मग तिलाच घरी ठेवले जाते. ही काटकसर नव्हे.

राखोलीजवळून वाहणारी दमणगंगा दमणला समुद्रास मिळते. पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये हे शहर घेतले. मोटी दमणचा किल्ला सपाटीवर असल्याने आजीलाही झेपतो. जांपोरचा किनाराही त्याच दिवशी होतो. मात्र भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. तिची वेळ पाहूनच निघावे. इमॅजिकासाठी वर्षभर बचत करावी.